चौथ्या सत्रात हर्शेल गॅरेजमध्ये

कॉपर्टनच्या खेचरांनी सायप्रेस बाऊल जिंकला त्या क्षणी कर्टिस ओबरलँडर बुटांसकट सोफ्यावर उभा होता. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, गावभर लोकांच्या घरातले हीटर दुरुस्त करत फिरणारा हा माणूस आधी किंचाळला, मग रडला आणि मग शेजारी उभ्या असलेल्या टॉबिनच्या टकलाचा त्याने मुका घेतला. टॉबिन त्याचा शाळेपासूनचा मित्र. एरवी त्याने असले लाड खपवून घेतले नसते, पण आज त्याने आपणहून मान आणखी खाली वाकवली.

आणि का वाकवू नये? कॉपर्टन स्टेट म्हणजे ओहायोतलं एक गरीब कॉलेज. पूर्वी कालव्यावर नावा ओढायला खेचरं असायची, त्यांच्यावरून टीमचं नाव पडलेलं, आणि खेळही बहुतेक वर्षी त्याच वकुबाचा. अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाच्या शेवटी नावाजलेल्या कॉलेज टीमना बाऊलच्या मानाच्या सामन्याचं बोलावणं येतं. खेचरांना ते आजवर कधी आलं नव्हतं. यंदा आलं. तेही थेट नववर्षाच्या दिवशी, दक्षिणेतल्या एका अगडबंब विद्यापीठाविरुद्ध. त्यांचा एक खेळाडू म्हणजे आपले दीड, असं टॉबिनचं गणित होतं. टीव्हीवरचे शहाणे सकाळपासून दात काढत होते. आणि शेवटी काय झालं? खेचरं दोन गुणांनी मागे, घड्याळ संपत आलेलं, आणि एका किडकिडीत पोराने लांबवरून लाथ घातली. चेंडू डाव्या खांबाला जवळजवळ चाटून दोन खांबांच्या मधून पार गेला. तीन गुण. शहाण्यांची तोंडं उघडीच्या उघडीच राहिली.

"घंटा!" टॉबिन ओरडला. "अरे, घंटेकडे चल!"

कालव्याच्या जुन्या दारापाशी एक पितळी घंटा आहे. खेचरं जिंकली की गाव तिथे लोटतं आणि प्रत्येक जण एकदा दोर ओढतो. हरली की तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे एरवी तिच्यावर कबुतरांचं राज्य. कर्टिस कोट न घालताच पळाला. रस्त्यात गाड्यांचे भोंगे चालू होते, लोक अंगणात येऊन पातेली बडवत होते, आणि चर्चचे पाद्री आपल्या मोटारीच्या टपावर चढून असे काही नाचत होते की टपाची काळजी वाटावी. घंटेपाशी कर्टिस पहिल्या दहा-बारा जणांत पोचला. त्याने दोर ओढला तेव्हा खांद्यापासून पायापर्यंत सगळं अंग झणझणलं. कोणीतरी हातात बियर दिली. कोणीतरी अनोळखी बाईने मिठी मारली. आयुष्यात आपण इतके सुखी क्वचितच झालो असू, असं त्याला वाटलं, आणि लग्नाचा दिवस आठवून त्याने बायकोची मनातल्या मनात माफीही मागितली. रोंडा बिचारी हॉस्पिटलात कामावर होती.

उन्हं उतरायला लागली तरी गर्दी हलेना. दुसरी बियर झाली, तिसरी हातात आली. तेवढ्यात काठी टेकत बर्निस आली. ऐंशी पार केलेली ही म्हातारी कर्टिसच्या वडलांच्या बरोबरीची. दोघं एकाच वर्षी कॉपर्टन स्टेटमध्ये होती.

"काय रे ए कर्टिस, हर्शेल कुठाय?"

"अं?"

"तुझा बाप रे! गर्दीत मेलं काही दिसत नाही. आज पहिला दोर त्यानेच ओढायला हवा होता. तेवढं बघायला मी ह्या थंडीत गुडघे घेऊन आलेय."

"घरी आहेत," कर्टिस म्हणाला.

"घरी? आजच्या दिवशी? तब्येत बरी नाही की काय?"

कर्टिसने हातातली बियर तिच्याकडे दिली आणि गर्दीतून वाट काढायला लागला. हर्शेल घरीच होता, पण घरात नव्हता. तो गॅरेजमध्ये होता, उपड्या बादलीवर, आणि त्याला बोलवायला कोणी गेलं नव्हतं.

हा प्रकार काय होता ते सांगायला हवं, आणि सांगताना कर्टिसची बाजू घ्यायची माझी काही इच्छा नाही.

हर्शेल ओबरलँडर तरुणपणी ह्याच खेचरांकडून खेळायचा. त्याचं काम दिसायला अगदी क्षुल्लक: ओणवं व्हायचं आणि चेंडू दोन पायांमधून मागे फेकायचा, म्हणजे मागचा तो झेलून लाथ मारणाऱ्यापुढे धरतो. हजार वेळा बरोबर फेकला तर कोणाला नावही माहीत होत नाही. एकदा चुकला की गाव नातवंडांना सांगतं. हर्शेल एकदाच चुकला. त्याच्या शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्यात, जिंकलो असतो तर बाऊलचं बोलावणं नक्की होतं तेव्हा, त्याने फेकलेला चेंडू मागच्याच्या डोक्यावरून गेला. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्यानंतर साठ वर्षं त्याने गावात लाकूड विकलं, बायकोला शेवटपर्यंत जपलं, पोरगा वाढवला, पण दुकानात कोणी ना कोणी म्हणायचंच, "हर्शेल, फळ्या गाडीच्या टपावर तूच टाक, तुला उंचावर टाकायची सवय आहे." हर्शेल हसायचा. हसण्यावारी नेल्याशिवाय इलाज नव्हता.

आई गेल्यावर कर्टिस त्याला आपल्या घरी घेऊन आला. ते त्याने मनापासून केलं, नाही म्हणायचं नाही. पण काही वर्षांपूर्वी टीव्हीवर सामना चालू असताना हर्शेल स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन आला, खुर्चीत टेकला, आणि त्याच मिनिटाला खेचरांनी जिंकत आलेला सामना घालवला. "डॅड, तुम्ही ना पांढऱ्या पायाचे आहात!" कर्टिस म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मित्र खो खो हसले. हर्शेलही हसला. पुढच्या शनिवारी तो चौथं, म्हणजे शेवटचं सत्र सुरू होताच आपणहून उठला, गॅरेजमध्ये जाऊन बसला, आणि खेचरं जिंकली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! पण फुटबॉलवेड्याला हे कोण सांगणार? टॉबिन तीन वर्षं एकच मोजा न धुता घालत होता. त्यांच्या जगात हर्शेलचं गॅरेजमध्ये जाणं हे शहाणपणाचंच लक्षण होतं.

मग त्याचा नेमच झाला. शेवटचं सत्र आलं की हर्शेल घोंगडी उचलायचा, "चला, निघाली पनवती," असं स्वतःच म्हणायचा आणि स्वयंपाकघरातल्या दाराने गॅरेजमध्ये जायचा. आतला आरडाओरडा कानावर पडू नये म्हणून कानातली मशिनं काढून खिशात ठेवायचा. सामना संपला की कर्टिस त्याला हाक मारायला जायचा. गेल्या ऑक्टोबरात हर्शेलने बोलावण्याची वाट न बघता दार किलकिलं केलं होतं. खेचरं हरली. "दोन मिनिटं दम धरवत नाही का तुम्हाला?" असं कर्टिस सगळ्यांसमोर खेकसला होता. तेव्हापासून बोलावल्याशिवाय तो दाराला हात लावत नसे.

आणि आज दुपारी, चौथ्या सत्राच्या सुरुवातीला, खेचरं आयुष्यात पहिल्यांदा बाऊलमध्ये टिच्चून उभी असताना, हर्शेल खुर्चीत जरासा रेंगाळला होता. कर्टिसकडे त्याने एकदा बघितलं. आज राहू का, एवढंच त्या बघण्यात होतं. कर्टिसला ते कळलं होतं. कळूनही त्याने टीव्हीवरची नजर काढली नाही, आणि म्हातारा घोंगडी घेऊन निघून गेला.

"कुठे चाललास?" घंटेपाशी टॉबिन मागून ओरडला. "पुढची माझ्याकडून!"

"डॅड गॅरेजमध्ये आहेत."

टॉबिनचा चेहरा उतरला. "अजून?"

कर्टिस पळत सुटला. येताना आनंदाने पळाला होता तेव्हा दम लागला नव्हता. आता कोपऱ्यापर्यंतच धाप लागली. गावात प्रत्येक घरात ऊब आहे की नाही ते हा माणूस बघतो. कोणा म्हातारीचा हीटर बंद पडला तर जेवणावरून उठून जातो. आणि स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला ऐन जानेवारीत बिनहीटरच्या गॅरेजमध्ये विसरून बियर पीत उभा होता. मागे घंटा वाजतच होती. प्रत्येक टोल आपल्याच टाळक्यात बसतोय असं त्याला वाटलं.

घरात टीव्ही तसाच चालू होता. स्वयंपाकघरात शेगडीवर हर्शेलचं ताट झाकून ठेवलेलं: डुकराचं मांस आणि आंबट कोबी. नववर्षाला हे खाल्लं की वर्ष चांगलं जातं, म्हणून सकाळपासून म्हातारा त्यामागे होता. "जिंकल्यावर खाईन," असं म्हणून त्याने ते तसंच ठेवलं होतं.

कर्टिसने गॅरेजचं दार उघडलं. आत जवळजवळ अंधार होता. हर्शेल बादलीवर बसला होता, घोंगडी डोक्यावरून घेतलेली, हात काखेत. उजेड दिसताच त्याने मान वर केली, चाचपडत खिशातली मशिनं काढली आणि एकेक करून कानात बसवली. थंडीने बोटं वळत नव्हती, त्यामुळे त्याला वेळ लागला. कर्टिस दारात उभा राहून बघत राहिला. मदत करायला पुढे व्हावं, तर त्या हातांना हात लावायची त्याला लाज वाटली.

"हरलो ना?" हर्शेल म्हणाला.

कर्टिस दोन पावलं आत आला.

"तू आला नाहीस तेव्हाच समजलो. जिंकलो असतो तर धावत आला असतास. बरं, किती फरकाने?"

"डॅड, जिंकलो आपण."

"माझं मन राखू नकोस. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आईची शपथ. शेवटच्या लाथेवर. एका गुणाने."

हर्शेलने त्याचं तोंड निरखून बघितलं. शपथ खरी आहे हे पटल्यावर त्याने घोंगडी डोक्यावरून खाली ओढली. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "मग तू होतास कुठे?"

"घंटेपाशी."

"अस्सं. वाजवलीस?"

"हो."

"बरं केलंस."

ह्यापेक्षा त्याने कानफटात मारली असती तर कर्टिसला सोसलं असतं. चार शिव्या तरी घालायच्या. पण हर्शेल घोंगडी आवरत उठायच्या खटपटीत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं. कर्टिसच्या काळजाला सगळ्यात जास्त घरं पडली ती ह्या समाधानाने.

"म्हणजे झाला म्हणायचा उपयोग," हर्शेल म्हणाला. "ह्या वेळी दार नाही उघडलं बघ मी. दोनदा वाटलं, जाऊन बघावं. नाही उघडलं. आणि तो कोपऱ्यातला कॉफीचा डबा आहे ना, तो टाकून दे. त्याला इलाज नव्हता रे. मोरीकडे जायचं तर टीव्हीसमोरून जावं लागतं."

डबा कशासाठी वापरावा लागला ते कर्टिसच्या ध्यानात आलं आणि तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. माझं चुकलं डॅड, सगळं थोतांड आहे, तुमच्या पायात काही नाही, असं सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते म्हणायचं तरी कसं? थोतांड आहे म्हटलं की म्हातारा इतका वेळ उगाचच गारठत बसला होता. आणि नाही म्हणावं तर तो खरोखरच पनवती ठरतो. साठ वर्षांनी त्याच्या वाट्याला एक विजय आला होता, तोही बादलीवर बसून कमावलेला. तो काढून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, निदान आज तरी नाही, असं कर्टिसला वाटलं. माफीसुद्धा मागता येत नव्हती, इतका तो अडकला होता.

त्याने बापाला धरून आत आणलं, आपल्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पायावर रजई टाकली, हीटर वाढवला. ताट गरम करून हातात दिलं.

"सामना रेकॉर्ड केलाय," तो म्हणाला. "चौथं सत्र लावतो. पूर्ण बघायचं."

"आता? निकाल तर कळला."

"डोळ्यांनी बघायचं, डॅड."

हर्शेलने बघायला सुरुवात केली. आधी काटा तोंडापर्यंत जायचाच विसरला. मग खेळाडूंना नावं घेऊन झापायला लागला, "अरे गाढवा, डावीकडे मोकळं रान आहे!" कर्टिस खाली गालिच्यावर बसून त्याच्याकडेच बघत होता. किती वर्षं झाली ह्या माणसाला सामन्याचा शेवट बघून, हे तो आठवू लागला आणि आठवणं सोडून दिलं. कोणी त्याला कधी विचारलंच नव्हतं, तुला बघायचंय का म्हणून.

शेवटची लाथ आली. खेचरं रांगेत उभी राहिली. एक धिप्पाड पोरगा चेंडूवर ओणवा झाला. हर्शेलने ताट बाजूला ठेवलं आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला.

कर्टिसने रेकॉर्डिंग थांबवलं. "कुठे?"

"येतो जाऊन."

"डॅड, हे रेकॉर्डिंग आहे. होऊन गेलंय सगळं!"

"कळतं रे मला. अक्कल शाबूत आहे माझी. पाय ऐकत नाहीत." तो ओशाळं हसला. "कोणीतरी तिकडे बसलेलं बरं."

"उगाच काहीतरी. कावळा बसतो नि फांदी तुटते, त्यात तुमचा काय दोष?"

"मग सगळ्या फांद्या माझ्याच वेळी कशा रे तुटल्या?"

पहिली फांदी साठ वर्षांपूर्वी तुटली होती. बाकीच्या कर्टिसने स्वतःच्या तोंडाने तोडल्या होत्या. तो उठला. बापाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खुर्चीत बसवलं आणि रिमोट त्याच्या हातात दिला.

"मी जातो तिकडे."

"तू? तू कशाला?"

"कोणीतरी जायला हवं ना? मग मी. तुम्ही त्या ओणव्या पोराकडे बघा. बाकी कोणाकडे नाही, त्याच्या हातांकडे बघा. आणि झालं की मला हाक मारा."

हर्शेल काही म्हणायच्या आत त्याने घोंगडी उचलली, गॅरेजमध्ये गेला आणि दार ओढून घेतलं.

बादली त्याला वाटली होती त्याहून ठेंगणी होती. काठ मांडीत रुतत होता. फरशीतून थंडी बुटांत चढली, तिथून गुडघ्यांत. त्याने कानांत बोटं घातली, कारण हर्शेलही मशिनं काढून काही न ऐकता बसायचा. आता फक्त दाराखालची उजेडाची रेघ दिसत होती. ह्या रेघेत कोणाच्या पावलांची सावली पडते का, एवढंच बघत म्हातारा दुपारभर बसला असणार. कोपऱ्यात तो कॉफीचा डबा होता. विसरू दे त्यांना, कर्टिसच्या मनात आलं. खाता खाता डोळा लागू दे त्यांचा. रात्रभर मला इथे बसू दे, म्हणजे थोडी तरी फिट्टंफाट होईल. हे त्याने अगदी मनापासून मागितलं.

दार धाडकन उघडलं.

हर्शेल दारात उभा होता, पायात नुसते मोजे, हातात अजून काटा, काट्याला कोबी. धाप लागलेली.

"अरे ऊठ! सरळ हातात! छातीच्या उंचीवर, इकडे नाही की तिकडे नाही, ठेवल्यासारखा! असा फेकायचा असतो चेंडू! ऊठ, ऊठ, गारठशील."

त्याच्या मागे टीव्हीवरचा गलका आत्ता कुठे चढायला लागला होता.

"आणि लाथ?" कर्टिसने विचारलं. "खांबांमधून जाताना बघितलात ना?"

"ते कुठलं?" हर्शेल म्हणाला. "चेंडू वर गेला तिथपर्यंत बघितलं. मग आठवलं, तू थंडीत बसलायस."

कर्टिसला बादलीवरून उठता येईना. शेवटी बापानेच काटा दाताखाली धरला आणि दोन्ही हात पुढे केले.